बांधापलीकडचे आबा

आबा आमच्या भावकीतले नव्हते. उलट त्यांच्या भावकीशी आमचं वाकडं होतं. त्यांच्या आणि आमच्या शेताच्या मध्ये एक बांध होता आणि तो हातभर कुणी कुणाकडे सरकवला, याचा दावा वडलांच्या तरुणपणापासून पाटणच्या कोर्टात पडलेला होता. तारखेला दोन्ही घरची माणसं एकाच एसटीनं जायची, लांब लांबच्या बाकांवर बसायची आणि काम आटोपलं की स्टँडसमोरच्या एकाच हॉटेलात, एकमेकांकडे पाठ करून भजी खायची. त्या घरातला माणूस आपल्यासाठी पहाटेचा परळच्या डेपोत येऊन उभा राहील असं कुणी म्हटलं असतं, तर वडलांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

1997 च्या पावसाळ्यातली गोष्ट. आई मिश्री लावायची. आमच्याकडच्या त्या पिढीतल्या बहुतेक बायका लावायच्या. तव्यावर तंबाखू जळेपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची; सकाळी दात घासायच्या निमित्तानं सुरुवात, मग भांगलणीतून टेकताना एकदा, जेवणानंतर एकदा, रात्री निजताना एकदा. गालाच्या आत पांढरा चट्टा आला तेव्हा तिनं तो कुणाला दाखवला नाही. तिखट लागेना झालं, मग तोंड पुरतं उघडेना झालं. भाकरीचा घास बारीक करून, बोटानं आत सारून ती खायला लागली तेव्हा आम्ही कराडला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि अहवाल आल्यावर वडलांना बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, ‘टाटाला न्या. उशीर करू नका.’

मी तेव्हा डी.एड. करत होतो. मुंबई मी पाहिलेली नव्हती आणि वडलांनी पाहिली होती ती लग्नाच्या आधी कधीतरी. गावातून मुंबईला गेलेल्यांची मात्र वाण नव्हती. पाटण-जावळीच्या डोंगरातली माणसं गिरणीत आणि गोदीत, नाहीतर दाणाबंदरावर पाठीवर पोती वाहायला जायची, ती किती तरी पिढ्यांपासून. वडलांनी गावातल्या चारजणांना विचारलं आणि चौघांनी एकच उत्तर दिलं, ‘आबाला निरोप धाडा.’ वडील दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन नव्हे, सरपंचाकडून, आबांना निरोप धाडला.

आम्ही रात्रीच्या गाडीनं निघालो. आई खिडकीशी बसली होती. जखमेला वास यायला लागला होता आणि तो शेजारच्याला जाऊ नये म्हणून तिनं काच उघडी ठेवली होती. खंबाटकीच्या घाटात पावसाचा सपकारा आत येऊन तिचा पदर ओला झाला तरी तिनं ती लावू दिली नाही. एक्स्प्रेस वे अजून व्हायचा होता. खंडाळ्याच्या घाटात ट्रकच्या रांगेत गाडी तासभर अडकली. पुढं पनवेल, वाशीची खाडी, मानखुर्द. उजाडता उजाडता परळच्या डेपोत उतरलो तर समोर खाकी शर्ट, पांढरी टोपी घातलेला, काखेत छत्री धरलेला एक माणूस. त्यानं वडलांकडे पाहिलंच नाही. सरळ आईसमोर गेला. ‘वैनी, च्या पिताव का आधी? तोंड उघडतंय का च्यापुरतं?’

गेल्या कित्येक दिवसांत आईला तोंड उघडतं का, असं सरळ विचारणारा तो पहिलाच माणूस. आम्ही सगळे आडून आडून बोलत होतो.

आबा एका गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी कुणी जाहीर केलंच नाही. बरेच लोक गावाकडे परतले. आबा राहिले. काही वर्षं हाताला मिळेल ते केलं, मग एका गोदामावर रात्रीचे वॉचमन झाले. टाटाची वाट त्यांना संपाच्याच काळात कळली. गावाकडून एक बाई आली होती, तिच्याबरोबर जायला मोकळा माणूस हे एकटेच. ‘संपात हाताला काम नव्हतं, मग पायांना दिलं,’ असं ते म्हणायचे. त्या बाईमागून दुसरं कुणी आलं, मग तिसरं, आणि गावात सांगावा रूढ झाला.

आमच्या गावची मुंबईत एक खोली होती. भोईवाड्याच्या आतल्या अंगाला एका चाळीत, दहा बाय बाराची, ग्रामस्थ मंडळाच्या नावावर. गिरणगावात अशा गावोगावच्या खोल्या कितीतरी होत्या. गिरण्यांना तीन पाळ्या असल्यामुळे एका वेळी निम्मी माणसं कामावर, निम्मी झोपलेली, त्यामुळे एवढ्याशा जागेत वीस-पंचवीस माणसं मावायची. भिंतीला खुंट्या, खुंट्यांना पिशव्या, खाली ज्याची त्याची पत्र्याची पेटी, कोपऱ्यात मृदंग आणि टाळ, वर भैरोबाचा फोटो. आम्ही गेलो तेव्हा गिरणीवाले थोडे उरले होते. बाकी माथाडी, टॅक्सीवाले, एक पोस्टातला. एका खिळ्याला वही टांगलेली होती. कोण कधी आला, किती दिवस राहिला, वर्गणी किती दिली, सगळं त्यात. आजारपणासाठी आलेल्यांच्या नावापुढे वर्गणीच्या रकान्यात एक आडवी रेघ मारलेली.

वडलांनी पहिल्याच संध्याकाळी पैसे काढले. आबा म्हणाले, ‘हितं दुखणेकऱ्याला वर्गणी न्हाय. बरं होऊन कामाला आलासा मुंबईला, तर द्या.’ वडील अडून बसले. त्यांचा पीळ मला ठाऊक होता. बांधापलीकडच्या माणसाचं फुकटचं काही अंगाला लागू द्यायचं नव्हतं त्यांना. आबांनी वही त्यांच्यापुढे टाकली. ‘ह्यो काय माझा बाप लिहून गेला न्हाय. मंडळाचा ठराव हाय. मोडायचा आसंल तर गावात सभा बोलवा.’ त्यापुढे वडलांना बोलायला काही राहिलं नाही.

पण खोली पुरुषांची. बाईमाणसानं तिथं निजायचं कसं? यावर तोडगा होता तोही आबांनी आधीच काढलेला. दोन दारं सोडून एक मावशी खानावळ चालवायच्या. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांच्याकडे दोन्ही वेळचे पंधरा डबे असायचे, संपानंतर चार-पाच उरले. या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. मावशी त्याच्या जुन्या सभासद आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. आई त्यांच्याकडे निजायची. ऑपरेशननंतर नाकातून नळी घातलेली होती तेव्हा तीन-तीन तासांनी पातळ काहीतरी नळीतून द्यावं लागे. वरणाचं पाणी, दूध, मऊ भात, उकडलेली अंडी, सगळं मिक्सरमधून काढून, गाळून. मावशींनी आपला मिक्सर त्यासाठी वेगळा ठेवला आणि गिऱ्हाइकांची चटणी पाट्यावर वाटायला घेतली. हे आईनंच मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तेव्हा मला ते दिसलंही नव्हतं. मला वाटायचं, मुंबईत चटणी पाट्यावरच वाटत असतील.

आबांची पाळी रात्रीची. सकाळी सहाला सुटायचे, तोंड धुऊन चहा घ्यायचे आणि आम्हाला घेऊन निघायचे. दुपारी दीड-दोनला झोपायचे, संध्याकाळी परत कामावर. पहिल्या सकाळी हिंदमाता ओलांडून टाटाकडे जाताना त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. कराडहून आणलेल्या अहवालाबरोबर काचेच्या पट्ट्या आणि मेणातला तुकडाही लागतो, तो पिशवीत तळाला नको, वर ठेव. सगळ्याच्या झेरॉक्स रात्रीच काढ, सकाळी दुकानापुढे रांग असते. वॉर्डबॉयला मामा म्हण, आयाबाईला मावशी, नर्सला सिस्टर; ‘अहो’ म्हणून हाक मारलीस तर कुणी वळून बघणार नाही. फाईल हातातून सोडायची नाही, लघवीला जातानासुद्धा. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला असेल तर समाजसेविकेला आधी भेट, पैसे भरून मग भेटलास तर ती काय करणार? आणि डॉक्टर काय बोलले ते कळलं नाही तर मान हलवायची नाही. ‘आपल्या माणसांची हीच खोड. समजलं न्हाय तरी व्हय म्हणत्यात, आन् बाहेर येऊन मला इचारत्यात.’

टाटाचं आवार म्हणजे अख्खा देश. बंगाल, बिहार, आसाम, ओरिसा. ज्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस या तिथल्याच सर्जनचं नाव आहे, त्याच्या फूटपाथवर प्लॅस्टिकच्या कागदाखाली घरंच्या घरं राहत होती. पावसात मुलाला मांडीवर घेऊन बसलेली आई, सलाइनच्या सुईची पट्टी अजून हाताला. समोर हरखचंद सावला यांच्या जीवनज्योतची मंडळी दोन्ही वेळा जेवण वाटायची. त्यांनी हे काम 1980 च्या दशकात सुरू केलं. आबा त्या फूटपाथवरून सरळ जायचेच नाहीत. त्यांच्या गिरणीतल्या हिंदीत कुणाला तरी विचारायचे, ‘तुम्हारा नंबर लग्या क्या?’ आणि मग आमचा नंबर निघून जाईल या भीतीनं मी त्यांचा शर्ट ओढायचो.

ही परळची वस्ती अशी दवाखान्यांचीच आहे. केईएम 1926 चं, मुलांचं वाडिया 1929 चं. टाटांचं रुग्णालय सर दोराबजी टाटा ट्रस्टनं उभं केलं, 28 फेब्रुवारी 1941 ला उघडलं. दोराबजींच्या पत्नी मेहरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या होत्या. पुढं ते सरकारकडे आलं आणि 1962 पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. त्याच्यामुळे आमच्यासारख्यांना जे मिळालं त्याबद्दल मी वेगळं काय लिहावं? आईच्या गालाचा आतला भाग आणि खालच्या जबड्याचा एक तुकडा काढला, छातीचं मांस वर फिरवून ती पोकळी बुजवली, आणि तिचा चेहरा वाकडा असला तरी ती आज माझ्यासमोर बसून पोथी वाचते. त्या डॉक्टरांचं ऋण मी मानतोच. त्यांचे फोटो भिंतीवर आहेत, रस्त्यांना नावं आहेत, ते योग्यच आहे. पण पाटणच्या स्टँडपासून त्या टेबलापर्यंत आईला जायचं होतं, आणि ती वाट टाटांनी बांधलेली नव्हती. ती बेकार झालेल्या गिरणी कामगारांनी वर्गणी काढून राखलेली होती. आमच्याच तालुक्यात असे आजारी होते की ज्यांच्या हातात कागद होते, घरात पैसेही होते, पण परळला उतरल्यावर कुठं जायचं हे माहीत नसल्यामुळे ते कराडहूनच घरी परतले. त्यातले दोघं मला माहीत होते.

ऑपरेशनच्या आधी रक्त लागेल असं सांगितलं. रुग्णाच्या माणसांनी रक्तपेढीत रक्त द्यायचं. वडलांना साखरेचा त्रास, माझं वजन कमी भरलं. मी रडकुंडीला येऊन खोलीवर आलो. आबा झोपले होते. कुणी तरी त्यांना उठवलं. ते उठले, लुंगी नेसली आणि दारात उभं राहून एकेकाला हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी तिघं माझ्याबरोबर आले: एक टॅक्सीवाला, एक माथाडी, आणि एक पोरगा, नुकताच मुंबईला आलेला, माझ्याहून लहान. पोराची बाही वर सारली तेव्हा मी त्याला ओळखलं. ज्यांच्याशी आमचा दावा चालू होता त्या घरचा, आबांचा सख्खा पुतण्या.

आता रक्तपेढीचा हिशेब बदलीचा असतो. याचं रक्त पेढीत जातं, आणि जुळणारी दुसरीच पिशवी रुग्णाला मिळते. मी आईला हे पुष्कळदा समजावलं. शिक्षक झाल्यावर तर फळ्यावर काढून दाखवावं तसं समजावलं. तिला ते पटलं नाही, आजही पटत नाही. तिच्या लेखी तिच्या अंगात त्या घरचं रक्त आहे. परत आल्यावर बांधावरचं गवत कापायला ती गेली की त्यांच्या बाजूचंही कापून पेंढी बांधून त्यांच्या हद्दीत ठेवायची. वडील चिडायचे. दावा मात्र लगेच मिटला वगैरे नाही. तो चालू राहिला, दोन्ही वकिलांची पोरं शिकून मोठी झाली, आणि मग एके वर्षी तडजोड झाली ती रक्तामुळे नव्हे, धरणाच्या कालव्यात तो बांधच गेला म्हणून.

शेक चालू झाले ते सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. वडील लावणीसाठी गावाला गेले आणि मी, आई, आबा असे तिघं राहिलो. आईच्या गळ्यावर शाईच्या खुणा केलेल्या, त्या धुवायच्या नाहीत. तोंड आतून सोलून निघालेलं, थुंकीसुद्धा गिळवेना. या दिवसांबद्दल मला फारसं लिहवत नाही. एवढं आठवतं की रांगेत आबा तिला गावातल्या बातम्या सांगायचे. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाच्या घरावरचं छप्पर उडालं. आई मानेनं विचारायची, ते सांगायचे. निम्म्या बातम्या त्यांनी मनानं रचलेल्या होत्या हे गावी आल्यावर उघड झालं. त्या म्हशीला रेडकू झालेलंच नव्हतं.

दिवाळीनंतर वडलांनी नव्या तांदळाचं एक पोतं रात्रीच्या गाडीवर चढवलं, आबांच्या नावानं. आबांनी ते वहीत ‘मंडळास भेट’ म्हणून जमा केलं आणि तशी पावती पोस्टानं पाठवली. वडलांनी ती पावती वाचली आणि पहिल्यांदाच हसले. ‘लई बेरकी हाय.’ पुढं दर वर्षी पोतं जायचं आणि दर वर्षी पावती यायची. आबांना स्वतःला काही द्यायचं म्हटलं की ते असे निसटायचे.

ती खोली आता नाही. चाळ पाडून टॉवर झाला, मंडळाच्या वाट्याला वर एक छोटी सदनिका आली आणि तिचं काय करायचं यावर गावात देवळापुढे सभा झाली. तोवर मुंबईतली आमची माणसंही पांगली होती. दाणाबाजार वाशीला गेल्यामागून माथाडी कोपरखैरणे, घणसोलीकडे गेलेले, तरुण पोरं पुण्याला. विकायची असं ठरलं. मी उठून बोललो, की भाड्यानं द्या, नाहीतर रुग्णांसाठी ठेवा. एकजण म्हणाला, ‘गुरुजी, तुमचं काम झालंय म्हणून तुम्हाला माया.’ त्याचं चूक होतं असं मला वाटत नाही, पण निर्णय चूक होता असं आजही वाटतं. पैशात देवळाचा सभामंडप झाला, कळसाला नवा पत्रा चढला, उरलेले वाड्यांत वाटले. आता गावातून कुणी निघालं की दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत नंबर लागतो का ते आधी बघायचं, नाहीतर घणसोलीत कुणाचं तरी घर. टाटाचंच केंद्र खारघरला आहे, काहींना तिथं जावं लागतं, त्यांना घणसोली बरी पडते. महात्मा फुले योजनेत बराच खर्च भागतो, हे आबांच्या वेळी नव्हतं. मला फोन येतात. रेशनकार्ड घ्या, आधारकार्ड घ्या, जुने सगळे कागद घ्या, कळलं नाही तर मान हलवू नका, असं मी सांगतो. पण मी इथं बसून सांगतो. त्यांच्याबरोबर चालत जात नाही.

आबा शेवटची काही वर्षं गावी येऊन राहिले आणि एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. दोन्ही भावकी त्यांच्या मातीला होत्या. आई मात्र त्यांची आठवण काढते ती रांगेची नाही, रक्ताचीही नाही. ती भांडणाची काढते.

झालं असं, की आजारानंतरच्या पहिल्याच चैत्रात यात्रेला सगळे मुंबईकर आले, त्यात आबाही होते. आईनं त्यांना जेवायला बोलावलं. पुरणपोळीचं पान वाढेपर्यंत आबांनी खिशातून डबी काढली, चुना लावला, तळहातावर तंबाखू मळायला घेतली. आम्ही तोवर लक्षच दिलं नव्हतं. आख्खं गाव टाटाला नेणारा हा माणूस पहिल्यापासून तंबाखू खात होता. आईनं वाढायचं थांबवलं. जबड्याचा तुकडा गेल्यापासून तिचं बोलणं नीट समजत नसे, पण तेव्हा सगळ्यांना समजलं.

‘आबा, लाज न्हाय वाटत? इतक्या जणांची तोंडं बघितलीसा.’

आबा मळतच होते. म्हणाले, ‘वैनी, तुम्हाला रातभर एसटीत बसून यायला लागलं. मला काय, टाटा चालत धा मिन्टांवर.’

आईनं पुढं होऊन त्यांच्या हातातून डबी हिसकावली आणि मागल्या दारानं उकिरड्यावर भिरकावून दिली. आबा काही बोलले नाहीत. पोटभर जेवले, तिच्या हातचा विडा घेतला, आणि निघताना मला कोपऱ्यात ओढून हळूच विचारलं, ‘गुरुजी, दुकान उघडं आसंल का रं आत्ता?’